ड्रमर पुण्याला चाललाय, आता बँडचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. खानापूरकडची दोघं आणि बेळगावातली दोघं अशा चौघांचा बँड आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून चालू आहे, आता तीन वर्षं झाली. स्वतःची सहा गाणी आहेत. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली, महिन्याभरात तो जाणार. गायकही बेंगळुरूला जायचं म्हणतोय. तो गिटारही वाजवतो, सहापैकी चार गाणी त्याची आहेत आणि ‘बँडचं नाव मीच सुचवलं होतं, तेव्हा ते माझ्याबरोबर येणार’ असं त्याचं म्हणणं. राहिलेल्या दोघांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. तसाच वाजवणारा ड्रमर कुठे मिळेल? नाव कुणाचं? आणि निम्मी माणसं गेल्यावर तो बँड तोच म्हणायचा का?

मी बेस वाजवतो. 1998 साली टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जणांनी सुरुवात केली. त्या काळात बेळगावात ‘बँड’ म्हटलं की लोकांना लग्नाच्या वरातीतला बँड आठवायचा, नाहीतर कॅम्पातल्या मराठा रेजिमेंटचा. तेव्हापासून आजपर्यंत आमच्यात अकरा जण येऊन गेले. पहिल्यापासूनचा मी एकटा उरलोय. तेव्हा जे सांगतोय ते अकरा वेळा निरोप देऊन आणि तितक्याच वेळा नव्या माणसाबरोबर गाणी बसवून शिकलेलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. तसाच ड्रमर शोधू नका. मिळणार नाही, आणि मिळाला तर बँडचं नुकसान होईल. माणूस बदलला की गाणी पुन्हा बसवायची असतात. जुन्या गाण्यांत नवा माणूस कोंबायचा नसतो. मी जे काही पुढे लिहिणार आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आपल्या भागात माणसं का जातात हे आधी समजून घ्या, म्हणजे जाणाऱ्यावरचा राग कमी होईल. बेळगाव हे शिकायला यायचं आणि शिकून झालं की निघायचं गाव आहे. इंजिनीअरिंगच्या मुलाचा हिशेब चार वर्षांचा असतो. त्यातलं पहिलं वर्ष ओळखीत जातं आणि शेवटचं इंटरव्ह्यूत, म्हणजे बँडला मिळतात दोन. पोट भरायचं तर एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला बेंगळुरू. वाजवूनच पोट भरायचं असेल तर चोर्ला घाट उतरला की गोवा. आमचा एक कीबोर्डवाला असाच सीझनपुरता म्हणून तिकडच्या हॉटेलात गेला आणि तिकडचाच झाला. उद्यमबागेत कामाला असणाऱ्याची शिफ्ट बदलली की रविवारची प्रॅक्टिस बुडते. यात कुणी कुणाला दगा दिलेला नसतो. सीमाभागातल्या बँडने पहिल्या दिवसापासून हे धरून चालावं की दर दोन-तीन वर्षांनी एक खुर्ची रिकामी होणार.

आता आमच्या दुसऱ्या ड्रमरची गोष्ट, कारण तुमचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

पहिला ड्रमर 2003 मध्ये चाकणला नोकरीला गेला. त्याचा हात भारी होता. थोडा मागे खेचून वाजवायचा, त्यामुळे गाण्याला एक वजन यायचं. आम्ही सहा महिने ‘तसा’ माणूस शोधला. जो यायचा त्याला जुनं रेकॉर्डिंग ऐकवायचो आणि म्हणायचो, हे असं वाजव. चार जण आले, चारही गेले. शेवटी आमच्या गिटारिस्टने खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मुलगा आणला. भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. ड्रम सेटला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता.

पखवाज वाजवणाऱ्याचा घुमारा असतो डाव्या हातात. डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिथून तो खर्ज निघतो. ड्रम सेटवर तो खर्ज असतो उजव्या पायाखाली, बेस ड्रममध्ये. म्हणजे लहानपणापासून डाव्या तळव्यात मुरलेली गोष्ट त्याला उजव्या टाचेत उतरवायची होती. आम्ही त्याला काठ्या दिल्याच नाहीत. पहिले पंधरा दिवस तो फक्त पेडलवर पाय ठेवून बसायचा, तोंडाने बोल म्हणायचा आणि ‘धा’ आला की पाय दाबायचा. खोलीत दुसरा आवाज नाही. तोंडाने बोल आणि पायाने धम्म, एवढंच. नंतर काठ्या दिल्या.

तरी गाणं बसेना. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर, म्हणजे सेटमधला तडतडीत आवाजाचा ड्रम, पडतो, तो तिथे पडला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. या मुलाचा हात तिथे जायचाच नाही. त्याचा सगळा जीव समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तीन आठवडे आम्ही त्याला ओढत होतो. एका रात्री त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, “दादा, मी चुकालोय ते कळतंय मला. पण तुम्ही एकदा माझ्या ठेक्यावर येऊन बघा की.” त्याने भजनी ठेका धरला, आठ मात्रांचा. आमच्या चार ठोक्यांच्या गाण्यात आठ मात्रा बरोबर दोन घरांत, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या दोन गटांत बसतात, मोजायला काही अडचण नव्हती. मी सवयीने त्याच्या पायाबरोबर पहिल्या ठोक्यावर बेस टाकत होतो आणि सगळा चिखल होत होता, कारण समेवर तोही येत होता, मीही येत होतो आणि गिटारही. मी सम सोडली. पहिली मात्रा त्याची, मी दुसरीपासून आत यायचं. गिटारिस्टने जाड तारांवरचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा तुकडा, अर्धा कमी केला. गाण्याचा वेग मिनिटाला 112 ठोक्यांवरून 96 वर आला. पावसाळ्याचे दिवस, वर पत्रा, बाहेर धो धो, आणि पाच वर्षं वाजवत असलेलं गाणं आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा आमचं वाटलं. त्याआधी ते डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडसारखं वाटायचं. लोकही तसंच म्हणायचे आणि आम्हाला त्याचा आनंद व्हायचा.

तो मुलगा नऊ वर्षं राहिला. तुमच्याकडे येणारा ड्रमर काय घेऊन येतोय ते आधी ऐका. त्याला तुमच्या सहा गाण्यांचं रेकॉर्डिंग पहिल्या दिवशी देऊ नका. त्याला म्हणा, तुला येतं ते वाजव, आणि तुम्ही दोघं त्याच्यावर वाजवा. दोन रविवार एवढंच करा. मग जुनी गाणी काढा.

मोठ्या बँडांचंही असंच झालेलं आहे. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 ला गेला. त्याच वर्षी जुलैत नव्या गायकाचा, ब्रायन जॉन्सनचा, अल्बम बाजारात होता. जॉन्सनने स्कॉटची नक्कल केली नाही. त्याचा आवाज वरच्या टोकाला चिरत जाणारा होता आणि बँडने गाणी त्या टोकासाठी केली. आपल्या देशातलं जवळचं उदाहरण इंडियन ओशनचं. 1990 मध्ये दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी तो बँड सुरू केला. 1991 मध्ये राहुल राम आला, 1994 मध्ये अमित किलम. असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवत गायचा. ती दोन कामं एका देहात असणं हीच त्या बँडची चाल होती. 25 डिसेंबर 2009 ला तो गेला. त्यानंतर त्यांनी त्याच्यासारखा गाणारा तबलजी आणून बसवला नाही. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आला आणि गाण्याला हिमांशू जोशी. एका माणसाच्या जागेवर दोन माणसं, म्हणजे सगळ्या गाण्यांची वाटणी नव्याने झाली. 2013 मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडला आणि गिटारला निखिल राव आला. सुरुवात करणारे दोघंही आज त्यात नाहीत, बँड वाजतोय.

गायक बदलणं हे मात्र ड्रमर बदलण्याहून अवघड. त्याचं कारण भावनिक नाही, पट्टीचं आहे. आमचा पहिला गायक गेल्यावर शहापूरची एक मुलगी आली. शास्त्रीय शिकलेली, आवाज स्वच्छ. आमची जवळजवळ सगळी गाणी ई मायनरमध्ये होती, कारण गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ई मिळतो आणि सगळा रिफ त्या मोकळ्या तारेवर उभा राहतो. तिला ई मध्ये गाताना खालचे स्वर लागत नव्हते, वरच्या सप्तकात गेली की किंचाळल्यासारखं व्हायचं. तिची पट्टी ए होती. पहिला उपाय सगळे करतात तोच आम्ही केला. गिटारच्या पाचव्या घरात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. ए मिळाला, पण रिफ पातळ झाला, उकुलेलेसारखा. मग लक्षात आलं की कॅपो काढून तोच रिफ, त्याच बोटांनी, शेजारच्या पाचव्या तारेवर सरकवला तर मोकळी ए मिळते. आणि सहावी तार, जी आधी षड्ज (सा) होती, ती आता खालचा पंचम (प) झाली. बेसवरही तेच. मी सा खाली जाऊन देत होतो, तो आता खालच्या पंचमावरून वर चढून सा वर यायला लागलो. तंबोऱ्यात पंचम आधी लागतो आणि मग सा, तशी चाल आपोआप आली. ती मुलगी पहिल्यांदा ते ऐकून म्हणाली, “आता मला घरात आल्यासारखं वाटालंय.” तुमचा गायक खरंच गेला तर पहिलं काम हेच करा. नव्या गळ्याची पट्टी पेटीवर शोधा, मग गिटार हातात घ्या. उलटं करू नका.

गायकाबरोबर भाषाही बदलते, आणि आपल्याकडे ही गोष्ट नाजूक आहे म्हणून थोडं बोलतो. आमची सुरुवातीची गाणी मराठी. 2012 नंतर गोकाककडचा एक गायक आला, घरी कन्नड, मराठी समजायचं पण शब्दांचा उच्चार जड जायचा. आम्ही दोन गाण्यांचे अंतरे कन्नडमध्ये केले, धृपद मराठीच ठेवलं. मराठी माणसांनी विचारलं, हे कशाला? कन्नड श्रोत्यांनी विचारलं, अर्धंच का? मी दोन्हींना एकच उत्तर दिलं की गाणारा ज्या भाषेत रडतो त्या भाषेतच त्याला गाऊ द्यावं. निपाणीत धृपदावर टाळ्या पडायच्या, धारवाडला अंतऱ्यावर. मी मराठी आहे, माझ्या भाषेबद्दल मला जे वाटतं ते त्या कन्नड अंतऱ्यांमुळे कमी झालेलं नाही. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला उधार भाषेत गायला लावू नका. शब्दांचा उच्चार घोकून आला तरी श्वास कुठे घ्यायचा ते घोकून येत नाही.

आता नाव. यावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण इथेच मैत्री तुटते.

डीप पर्पल 1968 मध्ये सुरू झाला. त्याच्या बदलत्या संचांना चाहते मार्क वन, मार्क टू असे आकडे देतात. 1969 मध्ये गायक रॉड इव्हान्स आणि बेसिस्ट निक सिंपर गेले, इयान गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले, तो मार्क टू. 1973 मध्ये तेही दोघं गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. 1975 मध्ये गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर गेला, टॉमी बोलिन आला. 1976 मध्ये बँड मोडला. 1984 मध्ये मार्क टू पुन्हा जमला. ब्लॅकमोर 1993 मध्ये कायमचा बाहेर पडला, पुढे स्टीव्ह मोर्सने जवळजवळ तीन दशकं गिटार सांभाळली आणि 2022 मध्ये ती सायमन मॅकब्राइडकडे आली. या सगळ्यात पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकच माणूस आहे, ड्रमर इयान पेस.

बँड मोडलेला असताना, 1980 मध्ये, रॉड इव्हान्सने बाकी सगळी परकी माणसं घेऊन ‘डीप पर्पल’ या नावाने अमेरिकेत कार्यक्रम सुरू केले. तो बँडचा पहिला गायक होता, नाव लावायचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटलं असेल. प्रकरण कोर्टात गेलं आणि 6,72,000 डॉलरचा निकाल त्याच्या बाजूच्या लोकांविरुद्ध लागला. फ्लीटवुड मॅकचं त्याहून विचित्र. 1974 मध्ये त्यांच्या मॅनेजरने नाव माझं आहे म्हणत भलतीच माणसं त्या नावाने दौऱ्यावर पाठवली. खरा बँड कोर्टात अडकला. त्या बँडचं नाव मुळात ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसिस्ट जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून आलेलं होतं, तरी ही वेळ आली.

ही आपल्या मातीतही नवी गोष्ट नाही. बलवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर, आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी 1880 मध्ये पुण्यात नाटक कंपनी काढली आणि 1885 मध्ये ते वारले. कंपनी त्यांच्याच नावाने चालत राहिली. कंपनीतले मोठे गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले, तरी चालली. 1905 मध्ये बालगंधर्व आले. 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले. त्या वेळी सगळ्यात मोठा गायक बाहेर जाणाऱ्यांत होता, पण त्यांनी किर्लोस्करांचं नाव नेलं नाही. गंधर्व नाटक मंडळी असं नवं नाव लावलं. दोन्ही कंपन्या चालल्या. आणि आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, हुबळीला, 1908 मध्ये केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श काढली. तेही एका जुन्या मंडळीतून बाहेर पडले होते. 1921 मध्ये ते तरुण वयात गेल्यावर बापूराव पेंढारकरांनी ती चालवली, त्यांच्यामागून भालचंद्र पेंढारकरांनी. मालक बदलले, नट बदलले, गाणारे बदलले, नाव राहिलं. रॉक बँडच्या माणसाने हा इतिहास जरूर वाचावा. वाटण्या, रुसवे, पगार, नाव, पदांचे हक्क, सगळं त्यात आहे.

तेव्हा तुमच्या गायकाला प्रेमाने सांगा की नाव सुचवणं आणि नाव मालकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षं ते नाव पोस्टरवर चौघांनी मिळून वापरलं, त्याला जी काही किंमत आहे ती त्या वापरातून आली. आपल्या कायद्यात नोंदणी नसली तरी आधीपासून वापरात असलेल्या नावाला संरक्षण आहे. नोंदणी करायची असेल तर करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग 41 लागतो. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर फी 4,500 रुपये, आणि नोंदणी दहा वर्षं चालते. माझं मत विचाराल तर जे गाव सोडत नाहीत त्यांच्याकडे नाव राहू द्यावं, कारण कार्यक्रम इथे मिळतात आणि इथले लोक त्या नावाने ओळखतात. पण त्याला ते पटलं नाही, तो हट्टालाच पेटला, तर देऊन टाका. सहा गाणी आणि तीन वर्षं यांवर नवं नाव सहज रुजतं. मैत्री मोडून ठेवलेल्या नावाखाली वाजवताना हात जड होतो, मी ते बघितलंय.

गाण्यांचं मात्र वेगळं. तिथे तो बरोबर आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल या दोन स्वतंत्र कृती आहेत, आणि ज्याने लिहिलं, ज्याने चाल बांधली, त्याचा हक्क. हा हक्क त्याच्या हयातीनंतरही 60 वर्षं राहतो. चार गाणी त्याची असतील तर ती तुम्ही पुढेही वाजवावीत यासाठी त्याची लेखी परवानगी घ्या, चार ओळींची पुरे. आणि तो बेंगळुरूत ती वाजवणार असेल तर वाजवू द्या. मात्र ‘त्याची’ म्हणजे काय ते नीट बसून ठरवा. शब्द त्याचे आणि चाल दोघांची असं असू शकतं. हे आज सगळ्यांना आठवतंय. पाच वर्षांनी प्रत्येकाला वेगळं आठवेल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे सुपारीचे, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाचे, पैसे आले की समान वाटे व्हायचे, त्यात एक वाटा बँडचा. त्या वाट्यातून स्पीकर, मिक्सर, केबली घेतल्या. 2003 मध्ये पहिला ड्रमर गेला तेव्हा मिक्सरमध्ये त्याचा किती वाटा, हे कुणालाच सांगता आलं नाही. तो काही बोलला नाही, पण दोन वर्षं फोन उचलत नव्हता. नंतर एका वहीत लिहायला लागलो: वस्तू, तारीख, किंमत, कुणी किती घातले. माणूस जाताना त्या वस्तूची आजची किंमत धरून त्याचा वाटा त्याच्या हातात द्यायचा. लेखी काही ठरलेलं नसेल तर 1932 चा भागीदारी कायदाही नफ्याचे वाटे समानच धरतो. पण कायद्यापर्यंत जायची वेळ येऊ देऊ नका. एक घेतलेली, अजून न झालेली सुपारीही असेल तुमच्याकडे, बहुतेक गणपतीतली. तिची उचल कुणाकडे आहे ते आजच बघा. एका आयोजकाने एकदा आमची अर्धी रक्कम ‘ठरलेला गायक आला नाही’ म्हणून कापली होती, आणि त्याचं चूक नव्हतं, आम्हीच आधी कळवलं नव्हतं. माणूस बदलणार असेल तर आयोजकाला त्याच आठवड्यात सांगायचं.

निरोपाबद्दल. पिंक फ्लॉइडने जानेवारी 1968 मध्ये एका कार्यक्रमाला जाताना सिड बॅरेटला गाडीत घ्यायचं टाळलं. बँडमधली सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची होती, पण प्रकृती ढासळलेली होती आणि स्टेजवर त्याच्याकडून वाजवणं होत नव्हतं. नवा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर आधीच येऊन मिळालेला होता. कुणी काही ठरवून बोललं नाही, गाडी सरळ पुढे गेली. 1975 मध्ये ते लंडनच्या स्टुडिओत त्याच्याच आठवणीतलं गाणं पूर्ण करत असताना तो अचानक तिथे आला. डोक्यावरचे केस आणि भुवया काढलेल्या, अंगाने सुटलेला. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. पुढे रॉजर वॉटर्स 1985 मध्ये बाहेर पडला तेव्हा भांडण थेट वकिलांकडे गेलं. एवढी मोठी माणसं, एवढं मोठं संगीत, पण समोर बसून चार वाक्यं बोलायचं राहून गेलं. मी एकदा असंच केलंय. आमच्या तिसऱ्या गिटारिस्टला प्रॅक्टिसची वेळ कळवली नाही, त्याने समजून घ्यावं म्हणून. तिसऱ्या गेटवर तो गिटार पाठीला लावून भेटला. गेट पडलेलं होतं, मालगाडी जात होती, आणि तो विचारत होता, “आज प्रॅक्टिस नाही काय?” त्या मालगाडीचे डबे संपेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही. त्याच्याशी मी आजही बोलतो, पण ती जखम माझ्याकडून झालेली आहे आणि ती भरलेली नाही. तुम्ही दोघांनी तुमच्या ड्रमरला आणि गायकाला घरी बोलवा, जेवायला घाला, आणि जे ठरवायचं ते तोंडावर ठरवा.

दार उघडं ठेवायचंही असतं. 17 मार्च 2007 ला आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवायला आले, भारतात पहिल्यांदाच. आम्ही तिघं रात्रीच्या बसने गेलो होतो. आधी दिल्लीच्या परिक्रमा बँडने वाजवलं, मग ते आले. स्टेजवर तीन गिटार होत्या. गायक ब्रूस डिकिन्सन 1993 मध्ये बँड सोडून गेला होता आणि 1999 मध्ये परतला. त्याच्याबरोबर जुना गिटारिस्ट एड्रियन स्मिथही परत आला. त्याच्या जागी आलेला यानिक गर्स तोवर नऊ वर्षं तिथे वाजवत होता. स्टीव्ह हॅरिसने, जो बेस वाजवतो आणि ज्याने 1975 मध्ये बँड सुरू केला, गर्सला काढलं नाही. दोन गिटारांचा बँड तीन गिटारांचा केला. मी हॅरिसच्या बोटांकडे बघायला गेलो होतो आणि सगळा वेळ त्या तिघांकडे बघत राहिलो. कोण कधी थांबतो, सोलो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो. तिघांनी जुनी दोन गिटारांची गाणीही तिघांत वाटून घेतली होती.

त्यावरून आम्ही एक पद्धत घातली. जो गेला तो गणपतीला गावी येतोच. त्या आठवड्यात एक संध्याकाळ ठरलेली असते, आणि दोन गाणी आहेत ज्यांत दुसऱ्या ड्रमची, दुसऱ्या गिटारची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे. चाकणचा ड्रमर येतो आणि भजनी ठेक्यावर त्याचा तो मागे खेचलेला स्नेअर टाकतो. 2003 मध्ये आम्ही सहा महिने जे शोधत होतो ते आता वर्षातून एकदा, दुसऱ्याच्या ठेक्यावर बसलेलं, ऐकायला मिळतं.

तुमच्याकडे महिना आहे. तो जाण्याआधीचा एक रविवार राखून ठेवा. सहाही गाण्यांचे फक्त ड्रम मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक गाण्याआधी त्याला वेगाचा आकडा तोंडाने सांगायला लावा आणि गाणं कुठे वळतं, कुठे थांबतं ते त्याच्याच शब्दांत बोलून घ्या. हे रेकॉर्डिंग नव्या ड्रमरसाठी नाही, ते तुम्हा दोघांसाठी आहे. तुम्ही इतके दिवस कशावर वाजवत होता ते तुम्हाला पहिल्यांदाच सुटं ऐकू येईल. ते ऐकून झालं की नव्या माणसाला बोलवा, आणि मी म्हटलं तसं, पहिले दोन रविवार त्याचं ऐका.